तिसरा कागद

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अख्ख्या अमेरिकेत माउंट मिचेलएवढा उंच डोंगर नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या या २,०३७ मीटर उंच डोंगराच्या पूर्व उतारावर साउथ टो नदी उगम पावते आणि खाली येता येता दोन्ही अंगांचे ओढे पोटात घेते. त्यांतल्याच एका ओढ्याच्या काठानं वर चढत गेलेल्या खोऱ्यात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांची सगळी नोकरी टपाल वाटण्यात गेली होती.

तिथल्या खेड्यांत टपालवाला सहसा दारात येत नाही. रस्त्याच्या कडेला खांबावर पत्र्याची पेटी असते आणि पेटीच्या अंगाला छोटा लाल झेंडा. आपल्याला पत्र पाठवायचं असलं की ते पेटीत ठेवायचं आणि झेंडा उभा करायचा. टपालवाला पत्र काढून घेतो, झेंडा खाली पाडतो आणि पुढं जातो. बाईंची जीप आपल्याकडच्यासारखी उजव्या स्टिअरिंगची होती, त्यामुळं बसल्या जागेवरून पेटीपर्यंत हात पोचायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खोऱ्यात सगळे त्यांना ‘मेल लेडी’च म्हणत. पेन्शनचा चेक कुणाला येतो, मधुमेहाची औषधं कुणाला येतात, बिलांखेरीज काहीच कुणाला येत नाही, हे त्यांना पाठ होतं.

नोकरीतला एक रिवाज त्यांच्या अंगात मुरला होता. पेटीतलं टपाल दोन-तीन दिवस कुणी काढलं नाही, तर तसंच पुढं जायचं नाही. जीप थांबवायची, उतरायचं आणि घराचं दार वाजवायचं.

२६ सप्टेंबर २०२४च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्यावर आदळलं. ती जागा या खोऱ्यापासून ६०० किलोमीटरहून लांब. चक्रीवादळ हे किनाऱ्यावरच्यांचं दुखणं, अशीच डोंगरातल्या माणसांची समजूत होती. पूर म्हटलं की १९१६चा. त्याहून मोठा येत नाही, असं आजे-पणजे सांगून गेले होते. पण वादळ पोचायच्या आधीपासूनच डोंगरावर पाऊस लागून राहिला होता. जमीन पाणी पिऊन तुडुंब झाली होती, ओढे काठाला टेकले होते आणि त्यावर शुक्रवारी सकाळी वादळ आलं. दमट वारा डोंगराला धडकून वर चढला की गार पडतो आणि अंगातलं पाणी तिथंच टाकतो. पावसाळ्यात सह्याद्रीचा घाट चढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. जवळच्याच ब्यूसिक या ठिकाणी तीन दिवसांत ३० इंचांहून जास्त, म्हणजे सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तिकडं ॲशव्हिल शहरात फ्रेंच ब्रॉड नदीनं १९१६ची खूणसुद्धा बुडवली. डोंगरउतारांवरून दरडी सुटल्या आणि झाडं, माती, घरं घेऊन ओढ्यांत उतरल्या.

आणि सगळ्यांचे फोन मुके झाले. डोंगरात सपाट जागा ओढ्याकाठीच असते, म्हणून रस्ता ओढ्याकाठानं जातो. विजेचे खांब रस्त्याच्या कडेनं, फायबरची तार रस्त्याखालून नाहीतर पुलाच्या अंगाला बांधून. ओढ्यानं रस्ता नेला तेव्हा वीज आणि तारही त्याच्यामागं गेली. उंचावरचे काही मनोरे उभे होते, पण त्यांच्या बॅटऱ्या थोड्या तासांच्या. पुढं जनरेटर चालवायचा तर डिझेल हवं, आणि डिझेलचा टँकर यायला रस्ता हवा. सगळ्यांचा जीव त्या एका रस्त्यात अडकलेला होता.

खोऱ्याच्या तोंडाशी स्वयंसेवकांचं अग्निशमन केंद्र होतं. शनिवारपासून माणसं तिथं जमू लागली. कुणी करवत घेऊन पडलेली झाडं कापत आलं, कुणी पाठीवर म्हातारी आई घेऊन आलं. वीज नसल्यानं घरोघरचे फ्रीझर वितळत होते, म्हणून हरणाचं मांस, कोंबड्या, मक्याची कणसं, जे होतं ते शेगडीवर चढलं आणि येईल त्याच्या ताटात पडलं. विहिरीचे पंप बंद, म्हणून संडासात टाकायला ओढ्याचं पाणी बादल्यांनी आणलं जाई. बाहेरची बातमी मोटारीतल्या रेडिओवर. ब्लू रिज पब्लिक रेडिओ कुठं पाणी वाटतात आणि कुठला रस्ता तुटला ते सांगे. दारं उघडी ठेवून पाच-सहा जण एका मोटारीभोवती उभे राहत आणि पेट्रोल जळू नये म्हणून बातम्या संपताच रेडिओ बंद होई.

केंद्राच्या शटरवर तिथल्या प्रमुखानं, म्हणजे चीफनं, दोन मोठे कागद चिकटवले. पहिल्यावर लिहिलं, ‘आम्ही ठीक आहोत.’ केंद्रावर पोचेल त्यानं आपलं आणि घरच्यांचं नाव तिथं लिहायचं. दुसऱ्यावर लिहिलं, ‘यांची चौकशी आहे.’

दुसरा कागद भरायचं काम एका सोळा वर्षांच्या मुलाकडं होतं. त्याच्या आजोबांना, तिकडच्या बोलीत पापॉंना, हॅम रेडिओचा नाद होता. त्यांनी नातवाला परीक्षेला बसवून परवाना काढायला लावला होता आणि मरताना आपला हातातला संच त्याच्या हवाली केला होता. इतक्या छोट्या संचाचा आवाज खोऱ्याबाहेर जात नाही. पण माउंट मिचेलच्या माथ्यावर हौशी मंडळींचा एक रिपीटर आहे, तो क्षीण आवाज उचलून १४५.१९० मेगाहर्ट्झवर दूरवर फेकतो. अख्खा मुलूख अंधारात असताना तो चालू राहिला. मुलगा दिवसातून चार वेळा वरच्या कुरणापर्यंत चढायचा, कारण तिथूनच माथा मोकळा दिसे. वर पोचला की वहीत लिहून घ्यायचा: ओहायोतून मुलगा विचारतोय, आई अमुक पुलाजवळ राहते, टेक्सासमधून बहीण विचारतेय, भाऊ तमक्या चर्चच्या मागं राहतो. खाली येऊन ती नावं तो दुसऱ्या कागदावर उतरवायचा, आणि चीफची माणसं त्या क्रमानं शोधायला निघायची.

सोमवारी दुपारपर्यंत दुसऱ्या कागदावरची जवळजवळ सगळी नावं पहिल्यावर आली होती. चीफनं तीन दिवसांत पहिल्यांदाच खुर्ची ओढली.

“निभावलं म्हणायचं,” तो म्हणाला.

त्याच सुमारास मेल लेडी येऊन पोचल्या. त्यांच्या दारापुढची मोरी वाहून गेली होती, म्हणून रानातल्या वाटेनं, काठी टेकत आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत लाल चिखल. कुणीतरी पुढं केलेली कॉफी हातात घेऊन त्या शटरपुढं उभ्या राहिल्या. पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. परत पहिला वाचला.

“बाकीचे कुठं आहेत?” त्यांनी विचारलं.

“बाकीचे कोण, मॅम?” मुलगा म्हणाला. “ज्यांची ज्यांची चौकशी आली ते सगळे यात आहेत.”

“आणि ज्यांची आली नाही ते?”

चीफ म्हणाला, “मॅम, माझ्याकडं नऊ माणसं आहेत आणि दोन दिवस कुणी झोपलेलं नाही. कुणाला काही हवं असेल तर निरोप आला असता.”

“निरोप यायला रस्ता लागतो नाहीतर फोन लागतो,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मग लांब कुठंतरी काळजी करणारं माणूस लागतं. ज्याच्याकडं तिन्ही नाहीत, त्याचा निरोप कसा येणार?”

कुणी काही बोललं नाही. बाईंनी भिंतीवरची बार्बेक्यूच्या जेवणावळीची जुनी जाहिरात काढली, टेबलावर उलटी पसरली आणि सुताराची पेन्सिल मागून घेतली. मग डोळे मिटले. त्यांचा डावा हात स्टिअरिंग धरल्यासारखा वर आला, उजवा खिडकीतून बाहेर काढल्यासारखा बाजूला गेला, आणि तोंडानं त्या वाट चालू लागल्या.

“पुलापासून पहिली निळी पेटी. नवराबायको आणि दोन मुलं. आले का?”

मुलानं पहिल्या कागदावर बोट फिरवलं. “आले.”

“पुढं तीन पेट्या एका फळीवर. पहिली रिकाम्या घराची. दुसरी शिक्षिकेची.”

“आली.”

“तिसरी?”

मुलगा शोधत राहिला. “नाही, मॅम. कशातच नाही.”

बाईंनी डोळे न उघडता नाव सांगितलं आणि मुलानं ते तिसऱ्या कागदावर लिहिलं. अर्ध्या तासात अख्खी वाट फिरून झाली, शेवटच्या पेटीपर्यंत. तिसऱ्या कागदावर सात घरं उतरली. ती सापडलेल्यांतही नव्हती आणि हरवलेल्यांतही नव्हती.

चीफ ती यादी बघत राहिला, मग उठून बूट चढवू लागला.

पहिल्या घरी फजितीच झाली. ऐंशीच्या घरातलं जोडपं आरामात ओसरीवर बसलं होतं. झऱ्याचं पाणी नळानं आपोआप घरात येत होतं, चुलीला लाकडं होती आणि तळघरात बरण्यांत भरलेल्या शेंगा हिवाळाभर पुरतील एवढ्या. “एवढ्यासाठी दोन मैल चिखल तुडवलात?” म्हातारा हसला आणि जाताना चार बरण्या गळ्यात मारल्या. मुलाचं तोंड उतरलं. एवढी चाल फुकट गेली, असं त्याला वाटलं. बाईंनी मात्र कागदावरचं नाव नीट खोडलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे, हेही कळायला हवंच होतं.”

दुसरं आणि तिसरं घरही सुखरूप निघालं. चौथ्या ठिकाणी उतारावर दोन ट्रेलर होते. अमेरिकेत नाताळला जी फ्रेझर फरची झाडं सजवतात, त्यांतली पुष्कळशी याच डोंगरांत लावलेली असतात. तिथं राबणारी मेक्सिकन कुटुंबं त्या ट्रेलरांत राहत होती. खालची वाट दरडीनं गेली होती. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेली तेव्हा त्यांनी हात हलवले नव्हते. उतरणारा माणूस पाणी देईल की कागदपत्रं मागेल, याची त्यांना खात्री नव्हती. ओढ्याच्या पाण्यात वरच्या अंगाचे संडास, तेलाच्या टाक्या, मेलेली जनावरं सगळं मिसळलेलं होतं आणि दोन दिवस तेच पाणी पोटात गेल्यानं मुलांना हगवण लागली होती. मुलानं शाळेत शिकलेलं मोडकंतोडकं स्पॅनिश कामी लावलं. बाईंना स्पॅनिश येत नव्हतं, पण त्यांनी पाठीवरून बाटल्या उतरवल्या आणि आधी एका लेकराच्या तोंडाला लावली. तेवढं भाषांतर पुरलं.

पाचव्या घराच्या जागी दरडीचा लाल चिखल होता आणि वर चुलीचं धुराडं. बाईंनी त्या नावापुढं काही लिहिलं नाही. पेन्सिल खिशात टाकली आणि त्या पुढं चालू लागल्या. या वादळानं अमेरिकेत सुमारे २५० माणसं नेली. त्यांतली १००हून जास्त एकट्या नॉर्थ कॅरोलिनातली होती.

सहाव्या घरातली माणसं वादळाआधीच गावाला गेल्याचं शेजारच्या खुराड्यात कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या पोरीनं सांगितलं. उरलं शेवटचं घर.

तिथं राहणारा माणूस दोन वर्षांपूर्वी कुठून तरी येऊन राहिला होता. रस्त्यात समोरून गाडी आली की या भागात स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतात. हा देत नसे. त्याला काय आवडतं, त्याचं मागं-पुढं कोण आहे, कुणाला ठाऊक नव्हतं. “बियाण्यांचा कॅटलॉग आणि विजेचं बिल,” बाई म्हणाल्या. “नवीन टपालवालीनं एवढंच सांगितलं होतं.”

तो मागच्या पडवीखाली सापडला, जिवंत. शुक्रवारी सकाळी जनावरांचं फाटक उघडायला गेला असताना ओकचं झाड पडलं आणि फांदीखाली पायाचं हाड मोडलं. फांदीखालून कसाबसा निघून तो पडवीपर्यंत सरपटत आला होता. पन्हळीखाली बादली होती, तिच्यातल्या पाण्यावर त्यानं चार दिवस काढले. ओठ फुटलेले, पाय काळानिळा, अंगात ताप.

“करवतींचा आवाज येत होता,” तो पुटपुटला. “समोरच्याच अंगाला. मी ओरडायचो, पण ओढ्यापुढं आवाज जाईना. मग ओरडायचं सोडलं. म्हटलं, मी इथं आहे हेच कुणाला माहीत नाही.”

“मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “पेटी क्रमांक शेवटची.”

चीफनं घराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि त्याच्यावर त्याला निजवून चौघांनी उचललं. मुलगा कुरणाकडं पळाला. रेडिओवर नेहमीसारखी गर्दी होती; माणसं एकापाठोपाठ एक नावं विचारत होती. त्यानं बटण दाबलं आणि पापॉंनी शिकवलेले दोनच शब्द उच्चारले: “इमर्जन्सी ट्रॅफिक.” क्षणात सगळे गप्प झाले आणि रेडिओचं जाळं सांभाळणाऱ्याचा आवाज आला, “बोल.” मुलानं जागा सांगितली, माणसाची अवस्था सांगितली, उतरायला मोकळं कुरण आहे हे सांगितलं. अंधार पडायच्या आत हेलिकॉप्टर कुरणात उतरलं.

रात्री मुलगा तिसरा कागद घडी करत होता. एकदम थांबून त्यानं विचारलं, “मॅम, यात तुमचं नाव कुठं आहे? तुम्ही सोमवारी आलात. तोवर पहिल्या कागदावर तुम्ही नव्हता, दुसऱ्यावर नव्हता.”

“मी इथं उभी आहे की तुझ्यासमोर.”

“आज आहात,” मुलगा म्हणाला. “शनिवारी, रविवारी नव्हता. आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.”

बाईंना यावर उत्तर सुचलं नाही. मुलानं घडी उलगडली आणि सगळ्यांत खाली, शेवटच्या पेटीच्याही खाली, त्यांचं नाव लिहिलं.

पुढं महिनाभरानं वीज आली, फोन आले. दरम्यान तुटलेल्या वाटांवर खेचरांच्या पाठीवरूनही सामान पोचवलं गेलं. चर्चमध्ये खोऱ्याची बैठक भरली. कुणी म्हणालं उपग्रहाचा संच घेऊ, कुणी म्हणालं पोरांना रेडिओ शिकवू. दोन्ही ठरलं आणि चांगलंच ठरलं. मग बाई उठल्या.

“ही सगळी हाक मारायची साधनं झाली,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या अंगात हाक मारायची ताकद नाही, त्याच्यासाठी पण काहीतरी ठरवा.”

त्यांनी सुचवलेली गोष्ट अगदीच साधी होती. ओढ्यानं नेलेल्या टपालपेट्या परत उभ्या करताना घराजवळ, शेजारच्या घरातून दिसेल अशा जागी एक लाल झेंडा लावायचा. सकाळी उठलं की उभा करायचा, रात्री पाडायचा. उभा झेंडा म्हणजे आम्ही ठीक आहोत. दहा वाजले तरी झेंडा पडलेलाच असेल, तर शेजाऱ्यानं काही न विचारता, कुणाची वाट न बघता, जाऊन दार वाजवायचं. कोण कुणाचा झेंडा बघणार, हे तिथल्या तिथं वाटून घेतलं. ट्रेलरमधल्या कुटुंबांचा झेंडा त्या शेंगावाल्या जोडप्याकडं आला आणि जोडप्याचा त्या कुटुंबांकडं. बाईंचा झेंडा कुणाच्या अंगणातून दिसतो हे बघितलं, तर फक्त शेवटच्या पेटीवाल्याच्या. कुबड्या घेऊन मागच्या बाकावर बसलेल्या त्या माणसानं हात वर केला.

सुरुवातीला लोक विसरायचे. झेंडा उभा करायचा राहून जायचा, शेजारी धावत यायचा आणि आत माणूस निवांत न्याहारी करत असायचा. हसं व्हायचं, कॉफी व्हायची. काही जण वैतागले, “रोज रोज कशाला? फोन आहेत ना आता!” पण पद्धत टिकली. निदान सकाळी उठून एकदा शेजाऱ्याच्या घराकडं बघायची सवय लागली.

जानेवारीत बर्फ पडलं. एका सकाळी बाई सरपण आणायला मागच्या दारी गेल्या आणि पायरीवरून घसरल्या. खुबा दुखावला, उठता येईना. फोन आत टेबलावर. हाक मारली, पण बर्फात कुणी घराबाहेर नव्हतं. दहा वाजून काही मिनिटांनी फाटक वाजलं. शेवटच्या पेटीवाला लंगडत, हातातली काठी बर्फात रोवत येत होता.

“तुला कसं कळलं?” बाईंनी विचारलं.

“मला काहीच कळलं नाही,” तो म्हणाला. “म्हणून तर आलो.”

बोध हा: मदतीला निघताना आलेल्या हाकांची यादी जरूर करावी, पण तिथंच खुर्ची ओढून बसू नये. ती संपली की न आलेल्या हाकांची यादी करावी. ही दुसरी यादी कुठलंही यंत्र आपणहून करून देत नाही. तिच्यासाठी शेवटच्या घरात कोण राहतं हे आधीच ठाऊक असावं लागतं, आणि ते विचारायची वेळ पाणी चढायच्या आधीची असते. त्या यादीतली चार दारं फुकट वाजवली जातील. पाचवं जाणार नाही. आणि यादी लिहिणाऱ्यानं खाली स्वतःचंही नाव घालावं, म्हणजे त्याच्याकडं कोण बघणार हे राहून जाणार नाही.